स्वप्नात जुना मित्र येतो आणि बाळ बेंचवर राहतं

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत):

पत्र लिहिणारी 32 वर्षांची आहे, पुण्यात नोकरी, लग्नाला पाच वर्षं झालीत, मुलगी सात महिन्यांची. गेले तीन महिने तिला आठवड्यातून दोनतीनदा तरी एकच स्वप्न पडतंय. ती कॉलेजच्या गावातल्या एसटी स्टँडवर असते, पाठीवर तेव्हाची सॅक, आणि रसवंतीपाशी कॉलेजमधला मित्र उभा असतो. त्या दोघांचं तेव्हा दोन वर्षं होतं, मग तिनेच थांबवलं, त्यालाही दहा वर्षं झाली. तो म्हणतो, "चल, सुटेल." ती धावत लाल डब्यात चढते, सॅक उघडते तर आत पुस्तकांऐवजी डायपर. कंडक्टर डबल बेल देतो, गाडी हलते आणि तिला आठवतं की बाळ बेंचवरच राहिलं. बेंचचा हा शेवटचा भाग मात्र महिन्याभरापासूनचाच आहे. पहाटे चार-साडेचारला दचकून जाग येते तेव्हा ती अंधारात अंथरूण चाचपत असते, आणि बाळ शेजारच्या पाळण्यात शांत झोपलेलं असतं.

चार महिन्यांपूर्वी कॉलेजच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला, गेट-टुगेदर ठरतंय. तिथे त्याचा फोटो दिसला, आठवड्याभरात ही ग्रुपमधून बाहेर पडली आणि त्याचा विचारसुद्धा करायचा नाही असं ठरवलं. मॅटर्निटी लीव्ह संपून मागच्या महिन्यात ती ऑफिसला परत गेली, बाळ दिवसभर पाळणाघरात असतं. एका रीलमध्ये तिने ऐकलं की स्वप्नात जो येतो तो तुमची आठवण काढत असतो, दुसऱ्या रीलमध्ये ऐकलं की अंतर्मन कधी खोटं बोलत नाही. मैत्रीण म्हणते नवऱ्याला सांगून टाक. स्वप्न पडू नये म्हणून ही रात्री एक-दीडपर्यंत फोन बघत जागते. तिचे प्रश्न असे: "मी मनातून अजून त्याच्यात अडकलेय का? नवऱ्याला सांगू का? की एकदा त्याला मेसेज करून विषय संपवू? झोपेत त्याचं नाव तोंडातून गेलं तर? आणि ताई, मला माझं बाळच नकोय असं तर नाही ना?"

मैत्रिणी,

शेवटचा प्रश्न तू पत्राच्या अगदी तळाशी, एका ओळीत उरकलायस. मी तिथूनच सुरुवात करते, कारण पत्र दोनतीनदा वाचल्यावर मला असं वाटायला लागलं की तुझी झोप त्या मुलापेक्षा या प्रश्नाने जास्त उडवलीय.

तर उत्तर नाही असं आहे. स्वप्नात बाळ बेंचवर राहिलं म्हणून तुला बाळ नकोय असं अजिबात होत नाही. कॅनडात मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांच्या स्वप्नांचा अभ्यास केला होता, 2007 मध्ये तो प्रसिद्ध झाला. बाळ हरवलंय, पडलंय, पांघरुणात कुठेतरी अडकलंय अशी स्वप्नं त्यातल्या बाळंतिणींपैकी बहुतेकींना पडत होती, आणि कितीतरी जणी अर्धवट जागेपणी बाळाला शोधत अंथरूण चाचपत होत्या. तू लिहिलंयस ते जवळजवळ शब्दशः हेच आहे ना? बाळ पाळण्यात सुखरूप आणि आईचा हात चादरीत फिरतोय. जिला बाळ नकोसं झालंय तिचा हात असा शोधत फिरत नाही गं. दिवसभर तुझा एक कान बाळाकडे असतो, तो रात्री झोपेतही बंद होत नाही, आणि दिवसा जी धास्ती तू कामाच्या गडबडीत बाजूला सारतेस ती रात्री स्वप्नात चित्र होऊन समोर येते, एवढंच.

आता हे सगळं पहाटे चारलाच का, तेही सांगते कारण त्यामागे गूढ काही नाही, आणि हे कळलं की निम्मी भीती जाते. आपली झोप साधारण दीड दीड तासाच्या फेऱ्यांमध्ये चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी एक टप्पा येतो ज्यात पापण्यांच्या आत डोळे भराभर हलत असतात, त्याला रेम झोप म्हणतात, शिकागो विद्यापीठात 1953 मध्ये असेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी तो पहिल्यांदा नीट टिपला. ठसठशीत, लांबलचक, गोष्टीसारखी स्वप्नं जास्त करून याच टप्प्यातली. आणि रात्र जसजशी सरते तसा हा टप्पा लांबत जातो, म्हणजे पहाटेचा वाटा सगळ्यात मोठा. त्या टप्प्यात कुणाला उठवलं तर दहापैकी आठ वेळा तरी माणूस स्वप्न सांगू शकतो, पण सलग झोपून सकाळी उठलं की बहुतेक सगळं विरून गेलेलं असतं. बाळ व्हायच्या आधी तू सलग सात तास झोपायचीस, तेव्हाही स्वप्नं पडतच असणार, कॉलेजचीही पडत असतील, फक्त लक्षात राहत नसतील. आता सात महिने बाळाच्या फीडमुळे तुला नेमकी त्या वेळेला जाग यायची सवय लागलीय, बाळ झोपलेलं असलं तरी. म्हणजे स्वप्नं वाढलीत असं नाही, जाग वाढलीय. आणि रात्री एकपर्यंत जागून तू त्यात भरच घालतेयस, कारण झोप तोडली की शरीर पुढच्या वेळी रेमचा बॅकलॉग भरून काढतं आणि स्वप्नं आणखी गडद होतात. तुला वाटतं दमून पडले की स्वप्न पडणार नाही, होतं नेमकं उलटं.

आता त्या मित्राकडे येऊ.

तुझा सगळा प्रश्न एका गृहीतकावर उभा आहे, की स्वप्नात एखादा माणूस दिसला म्हणजे मन त्याच्याकडे ओढ घेतंय. मनी वसे ते स्वप्नी दिसे, आपण लहानपणापासून ऐकत आलोय, आणि म्हणीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण मनात नुसतं प्रेमच वसतं का? भीती वसते, कंटाळा वसतो, मागच्या मंगळवारी दिसलेला फोटो वसतो, जो विचार करायचा नाही म्हणून शपथ घेतली तो विचार तर ठाण मांडून वसतो.

एक प्रयोग तुला सांगायलाच हवा, मला स्वतःला तो फार आवडतो. हार्वर्डमध्ये झोपेचे संशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी काही लोकांना दिवसाचे काही तास टेट्रिस खेळायला लावलं, तोच तो वरून ठोकळे पडणारा व्हिडिओगेम. झोप लागताना बऱ्याच जणांना डोळ्यांसमोर ठोकळे पडताना दिसले, त्यात नवल काही नाही. पण त्या गटात पाच जण असे होते ज्यांच्या मेंदूतला नव्या आठवणी साठवणारा भाग, हिप्पोकॅम्पस, निकामी झाला होता. त्यांना आदल्या दिवशी आपण हा गेम खेळलो हेसुद्धा आठवत नव्हतं, दर वेळी नव्याने शिकवावा लागायचा. तरी त्यांच्यातल्या तिघांना झोपेच्या उंबरठ्यावर ठोकळे दिसले! हा अभ्यास 2000 मध्ये आला. आता मला सांग, ज्याला गेम खेळल्याचंच आठवत नाही त्याला त्या गेमची ओढ लागली असं म्हणता येईल का? झोप लागतानाची चित्रं आणि पहाटेचं स्वप्न या दोन गोष्टी सारख्या नाहीत हे मान्य, पण एवढं तरी कळतं की झोपेत चित्र दिसायला त्या गोष्टीची आठवण काढावी लागत नाही, हवीहवीशी तर मुळीच वाटावी लागत नाही. मेंदू आपल्याला न विचारता तुकडे उचलतो.

आणि तुकडेच उचलतो, अख्खी आठवण क्वचितच. स्टिकगोल्ड यांच्याच सहकाऱ्यांनी 2003 मध्ये 299 स्वप्नं तपासली, निम्म्याहून जास्त स्वप्नांत जागेपणीचं काही ना काही सापडलं, पण घडलेला प्रसंग जसाच्या तसा परत दिसला असं शंभरात जेमतेम एकदोनदा. आजी गोधडी शिवायची तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ, आजोबांचं धोतर आणि कुणाच्या तरी शाळेच्या शर्टाची बाही शेजारी शेजारी यायची, पण म्हणून गोधडी बघून घरात काय घडलं ते सांगता येत नाही. तुझं स्वप्न असं उसवून बघू या. एसटी स्टँड, रसवंती, डबल बेल हे सगळं कॉलेजच्या वर्षांतलं. सॅक तेव्हाची, पण आतले डायपर आजचे. त्याचा चेहरा चार महिन्यांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर नव्याने बघितलेला, आणि मी पैज लावून सांगते, स्वप्नात तो फोटोत आहे तसाच दिसत असेल, कॉलेजमधला नसेल, हे जरा आठवून बघ. "चल, सुटेल" हे वाक्य तर तू रोज सकाळी पावणेनऊला स्वतःलाच म्हणत असशील. आणि बेंच. तू स्वतःच लिहिलंयस की बेंचचा भाग महिन्याभरापूर्वी आला, आणि दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंयस की महिन्याभरापूर्वी ऑफिस आणि पाळणाघर सुरू झालं. या दोन ओळी एकमेकींच्या शेजारी ठेवून तू बघितल्यास का? मी स्वप्नाचा अर्थ सांगणारी नाही, कुणालाच तो खात्रीने सांगता येत नाही, पण तारखा तुझ्याच आहेत.

हे सगळं इतकं विचित्र असूनही स्वप्नात खरं का वाटतं? कारण रेम झोपेत मेंदूतले भावनेचे भाग जोरात चालू असतात आणि कपाळामागचा, हिशोब ठेवणारा, "अगं पण तू तर पुण्यात राहतेस" असं टोकणारा भाग मंदावलेला असतो. त्यामुळे धडधड खरी असते आणि गोष्ट कशीही असते. म्हणूनच मी नेहमी सांगते की स्वप्नातली गोष्ट बाजूला ठेवा आणि जागं होतानाची भावना तेवढी पकडा. तुझ्या पत्रात त्या मुलाबद्दल दीड ओळ आहे, "चल, सुटेल" सोडलं तर तो काय बोलला, कसा वागला, तुला कसं वाटलं, काहीच नाही. बस सुटण्याबद्दल आणि बाळाबद्दल मिळून जवळजवळ एक पान आहे. जाग येते तेव्हा तुला त्याची आठवण येते असं तू कुठेच म्हटलेलं नाहीस. घाबरलेली असतेस असं म्हटलंयस.

मग तो सारखा का येतो? तर त्याला तू स्वतःच बोलावतेयस, नकळत. "त्याचा विचार करायचा नाही" हे ठरवल्यापासून. डॅनियल वेग्नर म्हणून हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ होते, विचार दाबला की तो उसळून वर येतो हे त्यांनी आयुष्यभर अभ्यासलं. 2004 च्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी ओळखीतलं एक माणूस निवडायचं होतं आणि झोपायच्या आधी पाच मिनिटं मनात येईल ते लिहायचं होतं. काहींना सांगितलं त्या माणसाचा विचार करा, काहींना सांगितलं अजिबात करू नका, काहींना मोकळं सोडलं. सगळ्यात जास्त स्वप्नं पडली ती "अजिबात करू नका" वाल्यांना. आणि तुझ्यासाठी महत्त्वाचं पुढेच आहे: तो माणूस आवडता असो की नसो, त्याने फरक पडला नाही. दाबलेला म्हणून तो आला. तू ग्रुप सोडलास, फोटो डिलीट केलास, रोज रात्री "आज नको" म्हणत डोळे मिटतेस, म्हणजे तो प्रयोग तू तीन महिने घरच्या घरी करतेयस.

अंतर्मन खोटं बोलत नाही या वाक्यावर माझा राग आहे. हे वाक्य ऐकून घाबरलेल्या बायकांची, आणि पुरुषांचीही, पत्रं मला सारखी येतात. स्वप्न म्हणजे दडपलेली इच्छा हा विचार सिग्मंड फ्रॉइड यांनी 1900 च्या सुमाराला मांडला, तेव्हापासून तो जगभर झिरपत झिरपत आता रीलमध्ये येऊन पोचलाय. आदल्या दिवसाचे अवशेष स्वप्नात येतात हे त्यांचं निरीक्षण पुढे टिकलं. पण दिसतं त्याच्या आड कायम एक लपवलेली इच्छाच असते हे सिद्ध झालेलं नाही. 1977 मध्ये हॉब्सन आणि मॅक्कार्ली या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी तर दुसरं टोक गाठलं, मेंदूच्या तळातून उठणाऱ्या संदेशांची मेंदू आपल्या परीने गोष्ट जुळवतो, बस. माझं मत या दोघांच्या मधलं आहे. स्वप्न निरर्थक नसतं, सध्या आपल्याला काय जाचतंय ते त्यात उमटतं, पण ते साक्षीदार म्हणून उभं करता येत नाही. सुप्त मन म्हणजे आत बसलेला कुणी सत्यवादी हरिश्चंद्र नाही, तिथे सवयी आहेत, जुन्या धास्ती आहेत, वास आहेत, चेहरे आहेत. तू जागेपणी, शुद्धीत, दहा वर्षांपूर्वी घेतलेला निर्णय आणि पाच वर्षं निभावलेलं नातं, हेही तुझंच मन आहे, आणि झोपेतल्या चार मिनिटांपेक्षा त्याचं वजन कमी का धरायचं?

आणि "जो स्वप्नात येतो तो तुमची आठवण काढतो" याला कसलाही आधार नाही. आपल्याकडे चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. यातले पहिले पाच वैद्याने निष्फळ समजावेत असं तिथेच स्पष्ट म्हटलंय. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, म्हणजे आठवणीतूनच आलेलं की. इतक्या जुन्या काळच्या वैद्यांनासुद्धा प्रत्येक स्वप्न म्हणजे निरोप वाटत नव्हता. इच्छिलेलं हा त्यांनी एक प्रकार मानला, सगळी स्वप्नं त्यातलीच असं नाही म्हटलं, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते.

आता तुझे पर्याय बघू.

त्याला मेसेज करणं. या स्वप्नासाठी म्हणून करू नकोस. विषय तू दहा वर्षांपूर्वी संपवला आहेस, पहाटे चारच्या घाबरेपणातून केलेला मेसेज तो परत उघडेल, आणि समोरच्यालाही त्याचं आयुष्य आहे, त्याला यातलं काही माहीत नाही. ग्रुपमध्ये परत जायचं, गेट-टुगेदरला जायचं, हे मात्र वेगळं. तुला तुझ्या मैत्रिणींना भेटायचं असेल तर जा, खुशाल जा, तो तिथे असेल म्हणून घरी बसू नकोस. जायचं की नाही हे दिवसा ठरव, मैत्रिणींचा विचार करून.

नवऱ्याला सांगणं. मैत्रीण मनापासून सांगतेय पण ती ज्याला पारदर्शीपणा म्हणतेय त्यात एक गोम आहे. आपण कधी कधी समोरच्याला सांगतो ते त्याला कळावं म्हणून नव्हे, आपल्या छातीवरचं ओझं उतरावं म्हणून, आणि मग ते ओझं त्याच्या छातीवर जातं. तू काही केलेलं नाहीस. कबुली द्यायची ती गुन्ह्याची, इथे गुन्हाच नाही. पण तू एकटी जागतेयस, घाबरतेयस, आणि शेजारी झोपलेल्या माणसाला त्याचा पत्ता नाही, हे बरं नाही. म्हणून सांग, पण सुरुवात बाळाच्या भागापासून कर. "मला सारखं स्वप्न पडतं की पिल्लू स्टँडवर राहिलं, पाळणाघरात सोडून निघताना पोटात गोळा येतो, मी दमलेय." हे बोलणं तुम्हा दोघांमध्ये व्हायला हवंच आहे, स्वप्न नसतं पडलं तरी. मित्राचा भाग सांगावासा वाटला तर तोही साधेपणाने सांग, स्वप्नातलं एक पात्र म्हणून, रडत नको आणि मध्यरात्री तर नकोच. तू लिहिलंयस की नवरा समजूतदार आहे, त्याला तुझ्या आधीच्या नात्याची कल्पना आहे. पण हे वाचणाऱ्या प्रत्येकीचा नवरा तसा नसतो. ज्यांच्या घरात अशा गोष्टीवरून संशय, टोमणे, फोन तपासणं सुरू होईल त्यांनी स्वप्नं सांगितलीच पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. स्वप्न तुमचं स्वतःचं आहे, खासगी ठेवलं म्हणून फसवणूक होत नाही.

आता करायचं काय ते सांगते, आणि ज्यांना परीक्षेचा पेपर कोरा दिसतो, गेलेले वडील रागावलेले दिसतात, ऑफिसात उशिरा पोचल्यासारखं होतं, त्यांनाही हे चालेल.

पहिलं म्हणजे दाबणं बंद. झोपायच्या तासभर आधी, अंथरुणात नाही, स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभं राहून का होईना, दहा मिनिटं वहीत जे डोक्यात आहे ते लिही. त्याचं नाव आलं तर येऊ दे. ऑफिसचं आलं, सासूबाईंचं आलं, सगळं येऊ दे. येऊ दिलेला विचार थोडा वेळ बसतो आणि जातो, हाकललेला दारात उभा राहतो.

दुसरं, स्वप्न पडलं की सकाळी चहा घेताना चार ओळींत उतरव आणि प्रत्येक तुकड्यापुढे लिही की ही गोष्ट मी शेवटची कुठे बघितली. फक्त कालचा दिवस तपासू नकोस. संशोधकांना दिसलंय की आदल्या दिवसाच्या गोष्टी स्वप्नात येतात, मग मधले काही दिवस त्या कमी होतात आणि पाच ते सात दिवसांनी परत डोकावतात. त्यामुळे मागचा आठवडा आठव, फोनची गॅलरी बघ, बाळाला घेऊन कुठे गेलो होतो ते बघ. मला आलेल्या पत्रांत एका गृहस्थांना वडील स्वप्नात सारखे हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये, तोंड फिरवलेले दिसायचे, नातेवाईक म्हणाले त्यांची काहीतरी इच्छा राहिलीय. असं लिहून काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की वडिलांचे आपल्याकडचे शेवटचे सगळे फोटो हॉस्पिटलमधले आहेत आणि रोज रात्री आपण तेच बघतोय. त्यांनी जुना अल्बम काढला, वडील शेतात उभे आहेत असे फोटो उशाशी ठेवले. स्वप्नं थांबली नाहीत, वडील अजून येतात, पण गाऊनमध्ये कमी येतात असं त्यांनी नंतर कळवलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगाची, सारख्या पडणाऱ्या वाईट स्वप्नांसाठी मानसोपचारात ती रीतसर वापरतात. दिवसा, पूर्ण जागं असताना, तेच स्वप्न घ्यायचं आणि त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा, मग तो बदललेला शेवट रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात चालवायचा. 2001 मध्ये अमेरिकेत बॅरी क्राकोव यांच्या टीमने लैंगिक अत्याचारातून गेलेल्या बायकांवर हे करून बघितलं, इतकी भीषण स्वप्नं असूनही ती बरीच कमी झाली आणि झोप सुधारली. तुझं तर त्यामानाने सोपं आहे. शेवट कसाही कर, तर्क लागत नाही. तू दोरी ओढून घंटी वाजव, गाडी थांबव, उतर, बाळाला उचल, कडेवर घे, आणि पुढच्या गाडीने जा, एसटी काय, तासाभराने दुसरी असतेच. किंवा बसमध्ये चढूच नकोस, बाळाला घेऊन रसवंतीत बस आणि रस पी. जे तुला बरं वाटेल ते. पंधराएक दिवस नेटाने कर, दोन दिवस करून सोडू नकोस. फक्त ज्यांच्या स्वप्नात खरोखर घडलेला अत्याचार किंवा अपघात परत परत येतो त्यांनी हे एकट्याने करू नये, समुपदेशकाच्या सोबतीने करावं.

चौथं झोपेचं. फोन दहाला बाजूला. आणि पहाटेचं चारचं फीड आठवड्यातून निदान तीन दिवस नवऱ्याने करायचं, दूध काढून ठेवता येतं, सात महिन्यांच्या बाळाबाबत डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा. हे उपकार म्हणून मागू नकोस, बाळ दोघांचं आहे. तुला सलग पाच-सहा तास मिळाले की निम्मी स्वप्नं तुला आठवणारच नाहीत, आणि हा उपाय मी सांगितलेल्या बाकी सगळ्यांपेक्षा लवकर लागू पडेल असं मला वाटतं.

पाळणाघराबद्दल दोन शब्द. तुला गिल्ट आहे, आणि तो स्वप्नातून हटवण्यापेक्षा दिवसा त्याच्याशी बोललेलं बरं. पाळणाघरच्या ताईंना दुपारी एकदा फोन करायची मुभा माग, एखाद्या शनिवारी तिथे अर्धा तास बसून बघ बाळ कसं असतं. कदाचित ते मजेत असेल आणि तुला तेही जरा टोचेल, टोचू दे.

डॉक्टर कधी गाठायचे हेही लिहून ठेवते. दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसाही उदास वाटत असेल, बाळ झोपलेलं असूनही तुला झोप लागत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं असेल तर तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांग, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन वर्षभरात कधीही डोकं वर काढू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार जागेपणी यायला लागले तर त्याच दिवशी, थांबायचं नाही. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास, फुकट आहे, नंबर 14416, मराठीतही बोलता येतं. बाकी वाचकांसाठी दोन सूचना: नैराश्यावरची काही औषधं आणि ब्लडप्रेशरसाठीचं प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध यांनी स्वप्नं भडक होऊ शकतात, तसं वाटलं तर गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोला. आणि घरात पन्नाशीपुढचं कुणी झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडत असेल, बुक्के मारत असेल, अंथरुणातून पडत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका, न्यूरोलॉजिस्टला दाखवा, काही वेळा ती पार्किन्सन्सची फार आधीची खूण असते.

राहिला झोपेत नाव घेण्याचा प्रश्न. पॅरिसच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये झोपेत बोलणाऱ्या दोनशेच्या वर लोकांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं, 2017 मध्ये ते प्रसिद्ध झालं. बरंचसं पुटपुटणं, कळण्यापलीकडचं, आणि जे शब्द कळले त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द होता "नाही". झोपेत माणसं गुपितं सांगत सुटत नाहीत, बरेचदा कुणाशी तरी वाद घालत असतात. तुझ्या तोंडून कधी एखादं नाव निघालंच आणि नवऱ्याने सकाळी विचारलं तर तू सकाळीच उत्तर देशील, जागी असशील, तुला शब्द सुचतील. त्यासाठी आज एकपर्यंत जागू नकोस.